म्हणजे आत्याला कळलं

बाबा पोस्टात होते, सॉर्टिंगला. लाकडी खणांसमोर रात्रभर उभं राहून पत्रं टाकायची, पत्त्यावर नजर पडली की हात आपोआप त्या खणाकडे जायचा, आणि रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी अजून घरात कुठलाही लिफाफा आला की ते आधी शिक्का बघतात, मग नाव. तर १९८७ चा मे महिना, दहावीची परीक्षा संपलेली, डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती तिथून मी एक जाड इंग्रजी कादंबरी आणली होती. ब्राऊन पेपरचं कव्हर, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे नाव, लेखक काहीच माहीत नाही. घोडागाड्या, नाच, एक गरीब घरची मुलगी आणि एक श्रीमंत, तुसडा वाटणारा माणूस. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत होते आणि एका ठिकाणी अडले. नायिकेला पत्र येतं आणि ते घ्यायला तिच्याकडे पैसे नसतात. पत्र आलं तर पैसे कसले?

बाबा चहा पीत होते. म्हणाले, "नॉटपेड असणार."

मग त्यांनी समजावलं, आपल्याकडे कुणी तिकीट न लावता पत्र टाकलं तर ते घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करतात, तसंच काहीतरी. आणि मग विचारलं, "घेतलं का तिनं?"

"घेतलं."

"पैसे कुणी दिले?"

"आत्यानं."

"म्हणजे आत्याला कळलं," बाबा म्हणाले, आणि कप ठेवून झोपायला गेले, रात्रपाळी होती त्यांची.

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पण त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मी त्या काळातल्या कादंबऱ्या वाचत आलेय, मिळेल तशा, रद्दीच्या दुकानातून, लायब्रऱ्यांतून, आता फोनवर, आणि मला मनापासून वाटतं की त्या सगळ्या कादंबऱ्यांचं मर्म बाबांनी त्या एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांनी त्यातली एकही वाचलेली नव्हती.

रीजन्सी म्हणतात तो काळ खरं तर एवढासा आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी, मन ठिकाणावर नाही, म्हणून त्याच्या मुलानं ६ फेब्रुवारी १८११ ला रीजंट म्हणून, म्हणजे राजाच्या जागी कारभार बघणारा म्हणून, शपथ घेतली, आणि २९ जानेवारी १८२० ला म्हातारा राजा वारला तेव्हा हा प्रकार संपला. नऊ वर्षं सुद्धा पूर्ण नाहीत. तेवढ्या काळावर आजही कादंबऱ्या निघतायत, मालिका निघतायत, आणि लोकांना वाटतं की ते सगळं कपड्यांचं, झुंबरांचं आणि देखण्या ड्यूक लोकांचं आकर्षण आहे. असेलही थोडं. पण मला धरून ठेवलं ते पत्रांनी.

टपालाचं बघा. पोस्टाचं तिकीट इंग्लंडमध्ये आलं १८४० मध्ये. त्याआधी पत्र पाठवणारा सहसा पैसे भरायचा नाही, घेणाऱ्यानं भरायचे, आणि दर ठरायचा दोन गोष्टींवर, पत्र किती लांबून आलंय आणि आत किती कागद आहेत. वेगळा लिफाफा घातला तर तो पण कागद म्हणून मोजायचे, म्हणजे दुप्पट पैसे, म्हणून पत्राचाच कागद दुमडून त्याच्याच पाठीवर पत्ता लिहून लाखेनं बंद करायचा. कागद भरला आणि मजकूर राहिला तर तोच कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून काटकोनात लिहीत जायचं, अशी जाळीसारखी दिसणारी पत्रं अजून जपून ठेवलेली आहेत. पार्लमेंटच्या सभासदानं स्वतःच्या हातानं पत्ता, तारीख लिहून सही केली की पत्र फुकट जायचं, त्यामुळे ओळखीतला कोणी सभासद घरी जेवायला आला की त्याच्यापुढे चार कागद सरकवायचे. आता ह्या सगळ्यात एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं पत्र किती हातांतून जातंय बघा, सही करणारा, नेणारा, आणणारा, पैसे देणारा, आणि शेवटी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांच्या देखत ते तिच्या ताटापाशी येणार. हस्ताक्षर सगळ्यांना दिसणार. आत्याला कळणारच.

आणि नियम असा की लग्न ठरलेलं नसेल तर मुलीनं परक्या तरुणाशी पत्रव्यवहार करायचाच नाही. लिहिलंन म्हणजे एकतर गुपचूप ठरलेलं आहे, नाहीतर मुलीची लाज गेली. म्हणून त्या काळात पत्र हा नुसता निरोप नसतो, तो पुरावा असतो. जेन ऑस्टेनची पहिली छापील कादंबरी सेन्स अँड सेन्सिबिलिटी १८११ मध्ये आली, तीन खंडांत, १५ शिलिंगला, लेखकाच्या जागी नुसतं "एका बाईकडून", आणि ती अख्खी कादंबरी पत्रांवर उभी आहे. मोठी बहीण एलिनॉर बघते की धाकटी मॅरिअ‍ॅन त्या विलोबीला पत्र लिहितेय, आणि त्यावरून ती ठरवते की ह्यांचं लग्न ठरलेलं असणार, विचारायचं धाडस तिला होत नाही. ठरलेलं नसतंच. आणि मग ती पत्रं परत येतात, केसांच्या बटेसकट, तेव्हा मॅरिअ‍ॅनच्या हातात काय उरतं? दुसरीकडे ल्यूसी नावाची मुलगी एलिनॉरला विश्वासात घेते, एडवर्डच्या हातचं पत्र दाखवते, आमचं चार वर्षांपासून गुपचूप ठरलंय म्हणते आणि कुणाला सांगू नकोस म्हणून वचन घेते. ल्यूसीला पक्कं माहितीय की एलिनॉरचा जीव ह्याच एडवर्डवर आहे. गुपित सांगून समोरच्याचं तोंड बंद करायचं. मी कितीतरी हेरकथा वाचल्या, पण एका चांगल्या घरातल्या दिवाणखान्यात, हळू आवाजात, गोड बोलून केलेला इतका धारदार डाव मला कुठे सापडला नाही.

म्हणून मला रोमान्स आणि कारस्थान असं वेगळं वेगळं म्हणणं पटत नाही. त्या जगात ते एकच आहे, कारण लग्न ही एकच गोष्ट होती ज्यात त्या मुलीचं मत निदान विचारलं जायचं, आणि तिच्या होकारावर इतक्या लोकांचे हिशेब बसलेले असायचे की प्रत्येकाला तिच्या मनात काय आहे ते तिच्या आधी कळायला हवं असायचं.

कायदाच तसा होता. लग्न झालं की बायकोचे पैसे, दागिने, तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची. जमीन असली तर ती तिच्या नावावर राहायची पण उत्पन्न नवरा घेणार. म्हणून पैसेवाल्या घरांत लग्नाआधी वकील बसायचे, मुलीच्या हातखर्चाला वर्षाला किती, नवरा मेला तर तिला किती, मुलांना किती, हे सगळं कागदावर. आपल्याकडे याद्या करतात तशाच, फक्त त्यांच्या याद्या कोर्टात चालायच्या. १७५३ च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्या मुलामुलींना परवान्यानं लग्न करायचं तर पालकांची परवानगी लागायची, नाहीतर चर्चमध्ये तीन रविवार नावं जाहीर करा, म्हणजे परत सगळ्या गावाला कळलं. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जायची, दोन साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको म्हटलं की झालं लग्न. कादंबरीत हे पळून जाणं फार साहसी वाटतं. पण जरा थांबून बघितलं की कळतं, त्या घोडागाडीत बसलेल्या मुलीकडे वकिलानं लिहिलेला एकही कागद नाही. जे काही तिचं आहे ते उद्या सकाळपासून त्याचं.

नाच, मेजवान्या, ऑलमॅक्स क्लबातले बुधवारचे बॉल, तिथे कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या सरदारणी, ह्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. एवढंच म्हणते की ती सगळी माहिती गोळा करायची ठिकाणं होती. कोण कुणाबरोबर दोनदा नाचलं, कोण कुणाच्या गाडीतून गेलं. लेडी कॅरोलाइन लॅम्बनं १८१३ मध्ये कवी बायरनच्या नावानं खोटं पत्र तयार करून त्याच्या प्रकाशकाकडून त्याचं छोटं चित्र मिळवलं होतं, ही खरी घडलेली गोष्ट आहे. ज्या कादंबऱ्यांत लेखकाला हे पत्रांचं आणि पैशाचं भान असतं त्या मी परत परत वाचते. जॉर्जेट हेयर ह्या बाईंनी १९३५ मध्ये रीजन्सी काळातली पहिली कादंबरी लिहिली आणि हा प्रकार जवळजवळ त्यांनीच घडवला, त्यांच्याकडे त्या काळातल्या बोलीच्या, किमतींच्या, कपड्यांच्या टिपणवह्या होत्या. आणि जिथे हे भान नाही, जिथे नायिका कुणालाही कधीही पत्र लिहिते आणि कुणालाच कळत नाही, ती कादंबरी मी पन्नास पानांत सोडते. तिथे काही पणाला लागलेलंच नसतं.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते.

२२ जानेवारी १८१२ ला सोळा वर्षांच्या एका मुलीनं आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्यात तिनं लिहिलंय की मी सेन्स अँड सेन्सिबिलिटी वाचली, मॅरिअ‍ॅनचा आणि माझा स्वभाव अगदी सारखा आहे, मी तिच्याइतकी चांगली नाही, पण अविचारीपणा तोच. ही मुलगी म्हणजे राजकन्या शार्लट, रीजंटची एकुलती एक लेक, पुढे इंग्लंडची राणी होणार होती ती. बापानं तिच्या आईशी लग्न केलं ते कर्ज फेडायला, सहा लाख पौंडांच्या वर कर्ज होतं, त्याच्या आधी त्यानं दुसऱ्या एका बाईशी गुपचूप लग्न केलेलं होतं जे कायद्यानं धरत नव्हते, आणि शार्लट जन्मल्यावर लगेच आईबाप वेगळे झाले. मुलगी दोघांच्या भांडणात सापडली. पंधरा-सोळाची असताना तिचं हेस नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्यावर मन बसलं, पत्रं गेली आली, पोचवणारी कोण तर तिची आई. एकदा तर आईनंच दोघांना आपल्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं, असं शार्लटनं पुढे स्वतः सांगितलंय. आई असं का करेल? नवऱ्याविरुद्ध हातात काहीतरी असावं म्हणून असेल. पण नंतर शार्लटच्या लक्षात आलं की तिची पत्रं त्या माणसाकडे आहेत. ती पत्रं परत मिळवायला ती जंग जंग पछाडत होती. १८१४ च्या नाताळच्या दिवशी तिनं शेवटी बापालाच सगळं सांगून टाकलं, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

मॅरिअ‍ॅनमध्ये तिला स्वतःचं काय दिसलं ते मला इथे कळतं. ती पत्रं.

त्याच वर्षी अजून एक मोठं प्रकरण झालं होतं. बापानं तिचं लग्न ऑरेंजच्या राजपुत्राशी, हॉलंडच्या गादीच्या वारसाशी ठरवलं. शार्लट आधी हो म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला हॉलंडला जाऊन राहावं लागणार, आणि आपण इथून गेलो की बाप आईला घटस्फोट देऊन दुसरं लग्न करेल, मुलगा झाला तर आपली गादी गेली. अठरा वर्षांची मुलगी, पण तिनं करारात कलम मागितलं की मला माझ्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर नेता येणार नाही. वकिलासारखी भांडली. जून १८१४ मध्ये लग्न मोडलं. जुलैत बाप स्वतः तिच्या घरी आला, वॉरिक हाऊसला, आणि म्हणाला तुझी सगळी माणसं आजपासून काढली, तुला विंडसरला एकांतात ठेवणार. ती जिन्यावरून धावत खाली आली, रस्त्यावर आली, आणि भाड्याची घोडागाडी थांबवून आईच्या घरी पळून गेली. राजकन्या, एकटी, संध्याकाळच्या वेळी, टॅक्सीला हात करावा तशी.

कादंबरीत हे असंच्या असं घातलं तर लोक म्हणतील काहीही काय.

रात्रभर त्या घरात माणसं येत राहिली, काका, बिशप, वकील. ब्रूम नावाचा वकील, आईच्या बाजूचा, हुशार माणूस, त्यानं पहाटे तिला खिडकीपाशी नेलं आणि रिकामा रस्ता दाखवला. म्हणाला, आज निवडणूक आहे, थोड्या वेळात हा रस्ता माणसांनी भरेल, मी तुम्हाला इथे त्यांच्यासमोर उभं केलं तर सगळं लंडन तुमच्या बाजूनं उठेल, आणि रक्त सांडेल, आणि ते रक्त लोक विसरणार नाहीत. ती परत गेली. पण जायच्या आधी तिनं एक कागद लिहून घेतला, मी ऑरेंजच्या राजपुत्राशी लग्न करणार नाही असा माझा ठाम निश्चय आहे, अशा अर्थाचा. हरली ती त्या रात्री, पण लेखी हरली.

मग १८१६ च्या २ मे ला तिनं लिओपोल्डशी लग्न केलं, जर्मनीतल्या लहानशा घराण्यातला धाकटा मुलगा, तिनं स्वतः निवडलेला. दोघं क्लेअरमॉन्टला राहायला गेली. सुखी होती, सगळे तसंच सांगतात.

आता ती मैत्रीण. जिला ती सगळी पत्रं गेली, कादंबरीचं, हेसचं, ऑरेंजचं, सगळं जिला ठाऊक होतं, ती शार्लटहून सात-आठ वर्षांनी मोठी होती आणि तिचं नाव मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टन. मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि तशीच बसून राहिले. एल्फिन्स्टन? मी एल्फिन्स्टन कॉलेजला होते. मग शोधत गेले, वंशावळी काढल्या, आणि ते खरं निघालं. मर्सरचे वडील अ‍ॅडमिरल लॉर्ड कीथ आणि ज्याच्या नावाचं ते कॉलेज त्या आपल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे वडील सख्खे भाऊ. म्हणजे राजकन्येची सगळी गुपितं जिच्याकडे होती तिचा सख्खा चुलतभाऊ त्याच काळात, १८११ पासून, पुण्यात संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, म्हणून बसलेला होता आणि दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातली गुपितं गोळा करत होता. ह्या मर्सरची स्वतःची गोष्ट पण काही कमी नाही. १८१५ मध्ये नेपोलियन इंग्रजांच्या हाती लागला तेव्हा तुला सेंट हेलेनाला पाठवणार हे त्याला सांगायचं काम तिच्या वडलांकडे होतं, आणि दोन वर्षांनी मुलीनं वडलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं ते नेपोलियनच्याच एका एडीसीशी, म्हणजे त्याच्या हाताखालच्या लष्करी अधिकाऱ्याशी.

तेव्हापासून मी रीजन्सी वाचताना शेजारी पुण्याचा इतिहास उघडा ठेवते. आणि एक गोष्ट मला सोडत नाही. १८१४ मध्ये गायकवाडांचे गंगाधरशास्त्री बडोद्याहून गायकवाड-पेशव्यांमधल्या हिशेबाच्या वादासाठी इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले. बाजीरावानं त्यांना आपल्याकडे ओढायला एक सोयरीक मांडली, आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला द्यायची. लग्न नाशिकला व्हायचं ठरलं, जोरात तयारी झाली. आणि मग शास्त्र्यांनी ते थांबवलं, कारण गायकवाडांशी बोलणं जमलेलं नव्हतं. बाजीरावाचा भर सगळ्यांत अपमान झाला. जुलै १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या लढाईला महिना होत होता, पंढरपुरात देवळातून परतताना रात्री शास्त्र्यांचा खून झाला. बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आळ आला, इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, १८१६ मध्ये ते तिथून निसटले, आणि गोष्ट अशी सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून सुटकेचा बेत त्यांना कळवायचा, पहारेकरी गोरे, मराठी कुणाला येत नव्हतं. खुनाबद्दल लिहिलं गेलं, सुटकेबद्दल लिहिलं गेलं, एल्फिन्स्टननं पानंच्या पानं लिहिली.

पण त्या मुलीचं काय? मी वाचलेल्या इतिहासांत ती "पेशव्यांची मेहुणी" एवढीच येते. लहानच असणार, त्या काळातली नवरी. इंग्लंडमध्ये एक ठरलेलं लग्न १८१४ मध्ये मोडलं, इकडे नाशिकात एक ठरलेलं लग्न वर्षभरात मोडलं, दोन्हीकडे राजकारण, दोन्हीकडे पैसा, दोन्हीकडे पुरुष कागद फिरवतायत. पण तिकडच्या मुलीनं मैत्रिणीला लिहिलं. आपल्याला तिचा राग कळतो, तिची भीती कळते, तिनं कुठली कादंबरी वाचली तेसुद्धा कळतं. मला आता असं वाटतं की रीजन्सीवर इतक्या कादंबऱ्या होतात त्याचं खरं कारण हे आहे, तिथल्या मुलींनी लिहिलं आणि कुणीतरी ते जपून ठेवलं. प्रेम काय सगळीकडेच होतं, डाव सगळीकडेच होते. कागद त्यांच्याकडे होता. एखाद्या मराठी लेखिकेनं त्या नाशिकच्या मुलीवर लिहावं असं मला फार वाटतं, आणि लिहिताना झुंबरं नकोत, तिला काय कधी कुणाकडून कळलं तेवढंच शोधावं.

ह्या सगळ्या कादंबऱ्या लग्नाशी येऊन संपतात. लहानपणी मला ते गोड वाटायचं. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाल्यावर मला त्याचं कारण वेगळंच दिसायला लागलं. ३ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी शार्लटला क्लेअरमॉन्टला कळा सुरू झाल्या. आधी महिनोनमहिने डॉक्टरांनी तिचं खाणं कमी केलेलं, रक्त काढलेलं, त्या काळची पद्धत. पन्नास तास गेले. ५ नोव्हेंबरच्या रात्री नऊ वाजता मुलगा झाला, मेलेला. ६ च्या पहाटे अडीचच्या सुमाराला ती पण गेली. एकवीस वर्षांची. तिच्या डॉक्टरनं, सर रिचर्ड क्रॉफ्टनं, तीन महिन्यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. म्हाताऱ्या राजाला इतकी मुलं पण औरस नातवंड एकही उरलं नाही, मग तिच्या काकांनी घाईघाईनं लग्नं केली आणि त्यातून १८१९ मध्ये जन्माला आली ती व्हिक्टोरिया. पुढे चाळीसेक वर्षांनी तिच्याच नावानं आपल्यावर राज्य सुरू झालं.

आणि ५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख पुण्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको. खडकीची लढाई. दुपारी एल्फिन्स्टन संगमावरचं घर सोडून खडकीच्या फौजेकडे निघून गेला, मागे मराठ्यांनी ते घर लुटलं, जाळलं, त्याचा सगळा पुस्तकांचा संग्रह, हस्तलिखितं, कागदपत्रं जळाली. चारच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या तेव्हा इंग्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजले असतील, शार्लट कळा देत होती. एका एल्फिन्स्टनची मैत्रीण तिकडे मरणाच्या दारात आणि दुसऱ्या एल्फिन्स्टनचं घर इकडे पेटलेलं, त्याच दिवशी. मी कादंबरीकार असते तर हे लिहायला धजले नसते.

माझं एक सांगायचं राहिलं. १९९१ मध्ये मला एका मुलाची पत्रं यायची, नागपूरहून. आईच्या हातात पडली असती तर तिनं फोडली असती, आणि मी रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभी असायचे, पण माझं कॉलेज असायचं, रोज कसं जमणार. बाबा रात्रपाळी करून दिवसा घरी असायचे. पत्र माझ्या वह्यांखाली ठेवलेलं असायचं, न फोडलेलं, शिक्का वर येईल असं. कधी एका शब्दानं विचारलं नाही. एकदाच, जेवताना, आई आत गेली तेव्हा म्हणाले, "अक्षर चांगलं आहे मुलाचं." पुढे ते काही झालं नाही, तो परदेशी गेला, माझं लग्न माझ्या पसंतीनं दुसरीकडे झालं, पण ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलंय.

मागच्या नोव्हेंबरात बाबांना भेटायला गेले होते, त्र्याऐंशी पूर्ण त्यांना आता, दिसतं कमी. त्यांना हे सगळं सांगितलं, शार्लटचं, मर्सरचं, खडकीचं, नाशिकचं. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो, "ती गेल्याची बातमी पुण्याला कधी पोचली?" म्हटलं, सुएझ कालवा नव्हता, आफ्रिकेला वळसा घालून जहाजं यायची, पाचसहा महिने धरा. त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे एप्रिल-मे. आणि खडकीची बातमी तिकडे तेव्हाच पोचली असेल. वाटेत दोन्ही टपालं समोरासमोरून गेली असणार." मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि त्या नाशिकच्या पोरीला कुणी सांगितलं?"

"सांगितलं नसेल कुणी," मी म्हटलं. "तयारी आवरायला घेतलेली दिसली असेल."

"हं," बाबा म्हणाले. "म्हणजे तसं कळलं तिला."